तुम्ही विचारलंत म्हणून: डोंबारी पक्षी आम्हालाच का दिसत नाही?

"सासवडच्या माळावर दोन तास उन्हात फिरलो, एक डोंबारी दिसला नाही, तुम्हालाच बरे दिसतात!" हे मला दर उन्हाळ्यात कोणीतरी ऐकवतंच. अहो दिसला असणार तुम्हालाही, ढेकूळ समजून सोडून दिलात.

हा चंडोलांच्या घराण्यातला, चिमणीपेक्षा जरा लहानच, जेमतेम १२-१३ सेंटिमीटर. पाठ मातीच्या रंगाची, डोकं राखाडी, चोच चिमणीसारखी जाड, पाय आखूड. गंमत पुढे आहे. नराची हनुवटी, छाती, पोट सगळं काळंकुळकुळीत, डोळ्यातून जाणारी काळी पट्टी, गाल तेवढे पांढरट. आता हा बसतो कसा तर जमिनीला पोट चिकटवून, म्हणजे काळं सगळं खाली झाकलं गेलं आणि वर उरली ती नुसती माती. मादीचं तर विचारूच नका, ती थेट चिमणीच वाटते, मीसुद्धा पहिली दोन वर्षं वहीत चिमणी म्हणूनच लिहीत होतो (वही अजून आहे, कोणाला दाखवत नाही).

झाडांवर शोधू नका, झाडाशी त्याचं काही देणंघेणं नाही. नांगरलेलं रान, मुरमाड माळ, नदीचं कोरडं पात्र, तिथे तुरुतुरु चालत बिया टिपणार, किडे खाणार, धुळीत अंघोळ करणार. घरटं पण जमिनीवरच, गवताच्या बुडाशी नाहीतर ढेकळाच्या आडोशाला छोटासा खळगा, कधी गुराच्या खुराच्या ठशात, काठाला बारीक खडे मांडलेले, अंडी दोन-तीन. म्हणून सांगतो, बाइक रस्त्यावरच लावा, माळात घालू नका.

मग शोधायचा कसा, तर कानाने. नर सरळ वर चढतो, तीसेक मीटर, आणि पंख मिटून दगडासारखा खाली येतो, येता येता एक लांबलचक शीळ, आता आपटलाच असं वाटेपर्यंत परत वर, परत खाली, डोंबाऱ्याचा खेळच तो, नाव काय उगाच पडलंय! आणि तेव्हा ते काळं पोट आभाळावर लख्ख दिसतं. शेवटी उतरतो एखाद्या ढेकळावर किंवा दगडावर, कॅमेरा तिथे रोखून ठेवा.

आमच्याकडे हल्ली ते दगड प्लॉटिंगचे असतात, चुना लावून नंबर टाकलेले. मागच्या रविवारी एक १४ नंबरवर उतरला, पांढऱ्या दगडावर काळा पक्षी, इतका सोपा मला आजवर कधी दिसला नव्हता.