सालई फुलेपर्यंत

एम. फार्म.च्या प्रोजेक्टला सालईच्या झाडाचा डिंक घेतला तेव्हा धास्ती होती ती कॉलमची, म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करणाऱ्या नळीची. डिंकातली बॉस्वेलिक आम्लं वेगळी काढायची, त्यातलं एकेबीए नावाचं आम्ल ओळखायचं आणि ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला ते किती रोखतं हे बघायचं. सूज वाढवणारी ल्युकोट्राइन्स याच विकरामुळे बनतात. प्राणी वापरायचे नव्हते, म्हणून प्राणी-प्रयोगांना परवानगी देणारी समितीही टळली. कॉलम चार दिवसांत उतरला. अडकले ती एका कागदासाठी: हे झाड सालईच आहे, असं लिहून देणारं प्रमाणपत्र.

ऑगस्टमध्ये ओळखीच्यांच्या माळावरची पानांनी भरलेली फांदी कापली, वर्तमानपत्रात दाबून वाळवली, जाड कागदाच्या शीटवर शिवली. (पावसाळ्यात कागद रोज बदला. माझी पहिली फांदी काळी पडून बुरसली होती.) झाड ओळखून प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयातल्या सरांनी शीट हातात घेतली. "फुलं कुठायत?"

"सर, आत्ता नसतात."

"मग असतील तेव्हा या."

सोबत आणलेल्या बाजारातल्या डिंकाला तर त्यांनी हातही लावला नाही. तेव्हा चिडले. पण खडा बघून झाड कोणतं ते मलाही सांगता आलं नसतं.

सालई साधारण जानेवारी ते मार्चमध्ये फुलते. म्हणजे पाच-सहा महिने नुसतं बसून राहायचं. माझ्या गाइड मॅडम दर सोमवारी विचारायच्या, "झालं का गं?" शेवटी शेवटी मी सोमवारी लायब्ररीतच बसायला लागले. फेब्रुवारीत बारीक पांढरा फुलोरा आला, त्याच आठवड्यात शीट करून गेले. सरांनी भिंगातून फूल पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "पानं?"

सालई फुलते तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत! मी ऑगस्टची शीट पुढे केली. "दोन्ही एकाच झाडाची कशावरून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झाडाला खूण केलीच नव्हती. पहिल्याच दिवशी बुंध्याला पत्र्याचा बिल्ला बांधा आणि दोन्ही शीटवर तोच क्रमांक टाका, एवढं जरी कोणी मला सांगितलं असतं! वाचवलं ते फोनमधल्या फोटोंनी. ऑगस्टच्या आणि फेब्रुवारीच्या फोटोत बुंध्यावरची जुनी खाच तीच होती, तिच्या शेजारी कागदासारखी सुटलेली सालही तीच. प्रिंट काढून नेल्या. मग सही करणारे साहेब रजेवर. तेही आले एकदाचे.

डिंक कुटण्याआधी फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर खलाला चिकटून बसतो. टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी पातळ थराची पट्टी) २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली एकेबीएचा गडद ठिपका दिसतो, पण बीटा-बॉस्वेलिक आम्ल दिसत नाही, त्याला ॲनिसाल्डिहाइडचा फवारा लागतो. मी तो न मारता 'डिंक भेसळीचा' म्हणून एक संध्याकाळ रडले होते. आणि तयार अर्काच्या डब्यावरच्या 'बॉस्वेलिक आम्लं ६५ टक्के'वर विसंबू नका. तो आकडा टायट्रेशनचा (अल्कली थेंबथेंब टाकून आम्ल मोजण्याचा) असेल तर त्यात कुठलंही आम्ल मोजलं जातं, एकेबीए किती ते एचपीएलसीच सांगते, कारण ते यंत्र प्रत्येक घटक वेगळा करून मोजतं.

प्रमाणपत्र आणायला एप्रिलमध्ये गेले तेव्हा पाकिटात सालईची तीनधारी फळं नेली होती, कोणी मागण्याआधीच. सरांनी ती तळहातावर ओतली आणि पहिल्यांदाच हसले. "ही ठेवून जा."