सोमवारपासून बंद

औषधांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करते मी. 'डू नॉट स्टॉप अब्रप्टली' हे वाक्य इतक्यांदा येतं की ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे जुनी भाषांतरं साठवून ठेवणारी संगणकातली वही, ते आपणहून भरते: 'हे औषध अचानक बंद करू नका.' टॅब दाबायची, पुढे जायचं.

गेल्या महिन्यात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या पत्रकाची वाचन-चाचणी होती. रुग्णांपुढे मजकूर ठेवायचा, त्याचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचा आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. चौथ्या आजी ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. 'अचानक'पाशी आल्या आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे. मी नव्हत्या केल्या अचानक. आठ दिवस आधी सुनेला सांगितलं होतं, पाकीट संपलं की सोमवारपासून बंद."

मग चक्कर, उलट्या, चार दिवस दवाखान्यात. तेही त्यांनी सांगितलं, पण वेगळी गोष्ट म्हणून.

स्टेरॉइड बरेच आठवडे पोटात गेलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं आपलं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी थांबली तरी त्या लगेच कामाला लागत नाहीत. म्हणून डोस उतरवत न्यायचा. तुम्ही सुनेला कधी सांगितलंत, हे ग्रंथींना कळत नाही.

'अचानक' म्हणजे ध्यानीमनी नसताना. 'अब्रप्ट'मध्ये ठरवण्या-न ठरवण्याचा प्रश्नच नाही. लॅटिनमधलं 'रुम्पेरे' म्हणजे तोडणे. त्यावरून आलेला 'अब्रुप्टुस' म्हणजे तुटलेला, आणि सरळ खाली गेलेल्या उभ्या कड्यालाही तोच शब्द. बाळंतपणाआधीच वार सुटते, त्या गुंतागुंतीचं 'अब्रप्शन' याच घरातलं. आपणही तुटलेला कडा म्हणतो, फटकून वागणाऱ्याचं बोलणं तुटक म्हणतो. म्हणजे चित्र आपल्या भाषेत होतं, आणि मी भलत्याच डब्यात हात घातला.

उलट-भाषांतरात, म्हणजे माझं मराठी दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत नेलं तेव्हा, 'सडनली' आलं होतं. परीक्षकाने हिरवी खूण केली. दोन भाषांतरकारांना एकच खोड असली की ही पद्धत त्यांना शंभर गुण देते.

मी लिहून पाठवलं, 'एकदम बंद करू नका; डॉक्टर सांगतील तसा डोस थोडा थोडा कमी करत न्या.' दुसरा अर्धा भाग परत आला: मूळ वाक्यात नाही, काढा. 'एकदम' तेवढं राहिलं. पुढच्या फेरीत पहिल्याच काकांनी विचारलं, "एकदम म्हणजे कायमची का? मध्ये आठवडाभर थांबवली तर चालेल ना?"

मेमरी उघडून पाहिली. फिटच्या गोळ्या, रक्तदाबाचे बीटा-ब्लॉकर, सगळीकडे 'अचानक'. निम्म्याहून जास्त माझेच.

त्या दिवशी रेकॉर्डर बंद केल्यावर मी आजींना म्हटलं, "आजी, पुढच्या वेळी सोमवार ठरवायच्या आधी डॉक्टरांना विचारा." चाचणी घेणाऱ्याने सल्ला द्यायचा नसतो. अहवालात मी ते लिहिलं नाही.