आधी काय बदलावे?

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की माझा गेमिंगचा संगणक अडखळू लागतो, म्हणून नवे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) घेण्याआधी मी संगणकाचे झाकण उघडले, तेव्हा उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसलेला दिसला. तो काढून, उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट नव्याने लावल्यावर खरी अडचण कळली: खेळताना सध्याच्या जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डचा वापर ९९ टक्के, तर रायझन ५ ३६०० प्रोसेसरचा जेमतेम निम्मा. कार्डच असे पूर्ण राबत असेल, तर अडसर तिथेच असतो. शिवाय त्याची ४ जीबी मेमरी आता अपुरी पडते. हे कार्ड ७५ वॉटमध्ये भागते, नव्याला वीज अधिक लागेल, त्यामुळे पॉवर सप्लायही बदलणे मला आवश्यक वाटते. प्रोसेसर तूर्तास राहू द्यावा.