तुम्ही विचारलंत म्हणून: आईला व्हेनिसहून लगेच परत का नाही आणलं

मावशी विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, सांगलीला गेलं की गावभागातले शेजारी तर हमखास विचारतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरातून आईला बोटीने बाहेर काढलं आणि तीनच महिन्यांत तिला व्हेनिसला नेलंस? बरं, नेलंस ते नेलंस, तिथेही पाणी चढल्यावर दुसऱ्याच दिवशी परत का नाही आणलंस? दरवेळी मी "तिकिटं बदलून मिळाली नाहीत" म्हणून विषय संपवते. ते खोटं आहे. मिळत होती, थोडे जास्त पैसे पडले असते.

तिकिटं मे महिन्यात काढलेली होती. पुरानंतर मी आईला विचारलं होतं, रद्द करू का? ती म्हणाली, "गाळ काढून काढून हात मोडून आलेत माझे. ने कुठंतरी." हे वाक्य मी सगळ्यांना ऐकवते. पण ती "कुठंतरी" म्हणाली होती. जिथे दारात पाणी असतं तिथे ने, असं नव्हे. हे मला तेव्हाही कळत होतं.

१२ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही जेवून बाहेर पडलो तेव्हा भोंगे वाजत होते. भरतीचा इशारा तिथे भोंग्याने देतात: आधी एक लांब सूर, मग पाणी जितकं चढणार त्या हिशोबाने चढते सूर. एरवी चालायला लाकडी फळ्यांचे मार्ग मांडतात, पण भरती १२० सेंटिमीटरच्या वर गेली की त्यांचा भरवसा नाही, फळ्या तरंगायला लागतात. आमची खोली कास्तेल्लो भागात, तळमजल्यावर. तिथे घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसतात, अख्ख्या भागाला मिळून एकच क्रम, तो हजारांत जातो. वारा सुटलेला, मोबाइलची बॅटरी संपलेली, पाणी गुडघ्याच्या वर.

एका अरुंद गल्लीत आई थांबली. एका घराच्या खिडकीचे गज तिने दोन्ही हातांनी धरले आणि पुढे पाऊल टाकेना. समोर रस्ता कुठे संपतो आणि कालवा कुठे सुरू होतो हे दिसत नव्हतं, पाणी सगळीकडे सारखंच काळं. ती बरोबर होती. मला तो कालवा लक्षातच आला नव्हता. आणि मी ओरडले, "आई, नाटकं करू नकोस, चल!" तिने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक बोट सोडवत गज सोडले आणि माझा हात न धरता भिंतीला चिकटून चालायला लागली. वाटेत एकदाच बोलली: "त्या खोलीचा मेन स्विच कुठाय?" मला माहीत नव्हतं. त्याच रात्री पेलेस्ट्रीना बेटावर पाणी उपसायच्या पंपाशी एक वृद्ध गृहस्थ विजेचा धक्का बसून गेले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खोलीत पाणी होतंच. घरमालकीण आम्हाला वरच्या मजल्यावर घेऊन गेली. रात्री अकराच्या जरा आधी भरती १८७ सेंटिमीटरला पोचली. १९६६ चे १९४ सोडले तर नोंदीतली सगळ्यात मोठी. हे सेंटिमीटर रस्त्यापासून मोजत नाहीत, समुद्राच्या जुन्या सरासरी पातळीपासून मोजतात. हे मी आईला समजावत होते, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपलं कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजतात तसं."

मालकीण खुणेने सांगत होती, पहाटेपर्यंत उतरेल. आईचा विश्वास बसेना. सांगलीत आठवडा उलटला तरी घरात पाणी होतं. ती जिन्यात बसून राहिली, पाणी कितव्या पायरीला आहे ते बघत. रात्री दोनच्या सुमारास तिने मला हलवून उठवलं. "अगं, उतरतंय. खरंच उतरतंय." तिचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

सकाळी पुन्हा १४४ झालं, पुन्हा उतरलं. पाणी उतरत असतानाच आई खराटा घेऊन खाली गेली आणि दाराकडे पाणी लोटायला लागली. फरशी सुकायच्या आत घाण काढायची, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मालकीण मागोमाग गोड्या पाण्याच्या बादल्या ओतत होती. खारं पाणी भिंती आणि लाकूड खातं, हे आईला नवीन होतं. दोघींची भाषा एक नव्हती. मी बॅगा भरून उभी होते. आई म्हणाली, "आज राहू दे. हिचं अर्धं व्हायचंय."

म्हणून थांबलो. १५ तारखेला १५४ झालं तेव्हाही तिथेच होतो.

मी कितीतरी जणांना सांगितलं आहे की आई तिथे सावरली. आता तसं म्हणवत नाही. ती थांबू म्हणाली हे खरं. मलाही थांबायचं होतं, सांगलीतल्या त्या ओल्या भिंतींकडे परत जायचं नव्हतं, हेही तितकंच खरं. आणि गल्लीतल्या त्या ओरडण्याबद्दल आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये व्हेनिसच्या खाडीच्या तोंडाशी बांधलेले दरवाजे भरती अडवायला पहिल्यांदा उचलले, ती बातमी आईनेच मला फोन करून सांगितली. "त्या मालकिणीची खोली कोरडी राहिली असेल," म्हणाली.

जुलै २०२१ ला कृष्णेचं पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा मी तिला आधीच पुण्याला आणलं होतं. रात्री जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. फ्लॅटचं दार उघडं. ती बाहेर जिन्यात बसली होती, खालच्या पायऱ्यांकडे बघत. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. मी शेजारी जाऊन बसले. काय बघतेस, हे विचारलं नाही.