एस्तव्हेलच्या दफनभूमीतला एकोणीस वर्षांचा पायलट

बाबा जूनमध्ये आमच्याकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला आले तेव्हा मी विचारलं, कुठे जायचंय, पॅरिस की स्वित्झर्लंड, तर म्हणाले मला इंद्रलाल रायच्या समाधीवर घेऊन चल. बाबांची सगळी नोकरी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात गेली, मिगच्या हँगरमध्ये, त्यामुळे विमानांचं वेड घरात आधीपासूनच आहे. पण पहिल्या महायुद्धातल्या या भारतीय पायलटचं नाव मी फक्त त्यांच्या स्टॅम्पच्या अल्बममध्ये पाहिलेलं, १९९८ साली पोस्टाने त्याच्या जन्मशताब्दीला तिकीट काढलं होतं ते.

शनिवारी पहाटेच निघालो, बेल्जियम ओलांडून फ्रान्सच्या उत्तरेला लान्सकडे. सगळा भाग सपाट, शेतं, विटांची बैठी घरं, आणि मधेच अचानक काळे टोकदार डोंगर उभे राहतात. जवळ गेल्यावर कळतं की डोंगर नाहीतच, कोळशाच्या खाणीतून शंभरेक वर्षं काढून टाकलेल्या मातीचे ढीग आहेत. वाटेत नव शापेलला भारतीय सैनिकांचं स्मारक लागलं, उंच खांब, वर कमळ, बाजूला दोन वाघ, आणि भिंतीवर साडेचार हजारांच्या वर नावं, ज्यांची कबरच सापडली नाही अशा लोकांची. तिथे अर्धा तासच थांबलो, खरं तर दिवसभर थांबायला हवं अशी जागा आहे ती.

एका गावात बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि नर्सरीतून झेंडूच्या दोन कुंड्या घेतल्या. झेंडूला फ्रेंचमध्ये जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ होतो भारताचं कार्नेशन, दुकानातल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा बाबा एवढे खूश झाले की काय सांगू! दोन कशाला विचारलं तर म्हणाले, लागतील.

उरलेल्या रस्त्यात मला सगळी गोष्ट ऐकवली. इंद्रलाल कलकत्त्याचा, जन्म २ डिसेंबर १८९८, वडील बॅरिस्टर, आई ललिता राय लंडनमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी रस्त्यावर उतरलेली. मुलं तिकडेच शिकली, हा सेंट पॉल्स शाळेत. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा याला रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलात, जायचं होतं पण डोळ्यांच्या टेस्टमध्ये नापास केलं, तर या पोराने आपली मोटरसायकल विकली, त्या पैशातून लंडनमधल्या डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडून दुसरी तपासणी करून घेतली आणि निकाल बदलून आणला. एप्रिल १९१७ मध्ये भरती, जुलैत सेकंड लेफ्टनंट, ऑक्टोबरअखेर ५६ स्क्वॉड्रनमध्ये फ्रान्सला. तेव्हा वय अठरा.

डिसेंबरमध्ये त्याचं विमान कोसळलं. त्याला मेलेला समजून शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर तो आतून दार बडवत राहिला, अशी गोष्ट सांगतात. उडायला अनफिट ठरवून इंग्लंडला पाठवला, तिथे बरा होताना विमानांची चित्रं काढत बसायचा, आणि परत परवानगी मिळेपर्यंत मागे लागला. जून १९१८ मध्ये ४० स्क्वॉड्रन, कॅप्टन मॅकएलरॉय या आयरिश पायलटच्या तुकडीत.

मग जे झालं ते तेरा-चौदा दिवसांत झालं. ६ जुलैला पहिलं जर्मन विमान पाडलं, ८ तारखेला चार तासांत तीन, १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक, १९ ला एक. दहा! त्यातली दोन इतरांबरोबर मिळून. पाच पाडली की ‘एस’ म्हणायचे, हा आपला पहिला एस.

इंद्रलाल उडवायचा ते विमान, एसई फाइव्ह ए, मी लंडनला हेन्डनच्या म्युझियममध्ये पाहिलंय. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, आणि कॉकपिट एवढं अरुंद की आपले खांदे घासतील. बाबांनी सांगितलं की एक मशिनगन पुढे असायची, ती फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून बरोबर वेळ साधून गोळ्या झाडायची, आणि दुसरी वरच्या पंखावर बसवलेली. त्या वरच्या बंदुकीचा ९७ गोळ्यांचा डबा संपला की ती वाकड्या रुळावरून खाली ओढायची, विमान वळवायचा दांडा गुडघ्यांत धरायचा आणि एवढ्या वाऱ्यात जड डबा हाताने बदलायचा, समोरून गोळ्या येत असताना. हे सांगताना बाबांनी स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवलं. आणि पॅराशूट नाही. ब्रिटिश पायलटांना दिलंच जात नव्हतं. याचा मला अजूनही राग येतो.

एस्तव्हेल अगदी छोटं गाव, मागे तसलाच एक काळा ढीग. दफनभूमीत गावातल्याच लोकांच्या कबरी, ग्रॅनाइट, चिनीमातीची फुलं, आणि त्यात हा आपला. दगडावर बंगाली अक्षरं. फ्रान्सच्या खेड्यात बंगाली अक्षरं बघून काय वाटतं ते मला नीट लिहिता येणार नाही. ऑफिसातल्या बंगाली मैत्रिणीने ती ओळ मला आधीच देवनागरीत लिहून दिली होती, ‘महावीरेर समाधि, संभ्रम देखाओ, स्पर्श कोरो ना’. मी मोठ्याने वाचलं. महावीर, समाधी, स्पर्श, सगळं आपलंच, फक्त संभ्रम पाशी बाबा अडकले, कारण आपल्याकडे संभ्रम म्हणजे गोंधळ आणि त्यांच्याकडे आदर. आदर दाखवा, हात लावू नका. बाबा तेव्हा वाकून एका अक्षरावरचं शेवाळ बोटाने काढायला निघाले होते, ते हात तसाच मागे घेऊन उभे राहिले. झेंडूची कुंडी कडेला गवतात ठेवली, दगडाला न लागता.

२२ जुलै १९१८, इथून जवळच कार्व्हँ गावावर जर्मन फोकर विमानांशी झुंज, आणि त्यात विमान पडलं. एकोणीस वर्षं. वीस पूर्ण व्हायला चार महिने होते. डीएफसी हे वैमानिकांचं ब्रिटिश शौर्यपदक सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं, पण घ्यायला तो नव्हता. मॅकएलरॉयसुद्धा ३१ जुलैला गेला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ओझरला ट्रेनिंगला यायची पोरं याच वयाची असायची गं.

गाडीत बसल्यावर मला वाटलं आता घरी, तर म्हणाले अमिएँकडे घे, हँगार नावाचं गाव आहे. तिथे मुंबईचा एक मुलगा आहे, लेफ्टनंट वेलिणकर. माझा विश्वासच बसेना. २३ स्क्वॉड्रन, डॉल्फिन विमान, २७ जून १९१८ ला गस्तीवर गेला तो परत आला नाही, जखमी होऊन ३० तारखेला वारला. म्हणजे इंद्रलालच्या पहिल्या विजयाच्या सहा दिवस आधी. इंद्रलालच्या नावाचा रस्ता आहे कलकत्त्यात, आणि या मुलाचं नाव मी मुंबईत नऊ वर्षं राहून कधी ऐकलं नव्हतं.

हँगारला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, पण जूनमध्ये इकडे दहापर्यंत उजेड असतो. पांढऱ्या दगडांच्या सारख्या रांगा, सगळी नावं इंग्रजी, बाबा एकेक वाचत चालले होते. मग थांबले आणि तिथल्या शांततेत मोठ्याने, नीट, ण चा उच्चार करत म्हणाले, वेलिणकर. मी गाडीतून दुसरी कुंडी आणायला गेले.