मातमाता: घरं पाहून लगेच परत फिरू नका

दक्षिण ट्युनिशियातल्या मातमाताला येणारे बहुतेक जण जमिनीत खोदलेली घरं पाहतात, फोटो काढतात आणि वाळवंटाकडे निघतात. घरं बघण्यासारखी आहेतच: मऊ मातीत सहा-सात मीटर खोल खड्डा, तोच चौक, आणि चहूबाजूंना कोरलेल्या खोल्या. 1969 च्या अतिवृष्टीत त्यातली बरीच ढासळली. पण या उजाड डोंगरांत माणसं पोटाला कशी मिळवत आली, हे कळायला घळींमध्ये उतरावं लागतं.

इथे वर्षाला जेमतेम 150 ते 250 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या जोरदार सरींत. म्हणून घळीला आडवा मातीचा बांध घालतात. हा ‘ताबिया’, उंची साधारण दोन ते पाच मीटर. उतारावरून येणारं पाणी आणि गाळ त्यामागे अडतो, आणि गाळ साचत साचत सपाट शेत तयार होतं. या सगळ्या रचनेला ‘जसूर’ म्हणतात. त्यात ऑलिव्ह, अंजीर, बदाम लावतात. मधल्या जागेत जव, मसूर, हरभरा.

खरं कसब सांडव्यात आहे. तो बांधाच्या मधोमध दगडात बांधतात किंवा एका टोकाला काढतात. त्याचा उंबरठा खाली राहिला तर पाणी मुरायच्या आत खालच्या शेतात निघून जातं. फार वर ठेवला तर मोठ्या सरीत पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहतं आणि माती कापत नेतं. एक बांध फुटला की त्याचा लोंढा खालच्या बांधावर आदळतो, मग तोही जातो. मधल्या सांडव्याच्या पायथ्याशी दगडी पायऱ्या असतात, त्या पडणाऱ्या पाण्याचा जोर मोडतात. गाळाने शेताची पातळी चढते तसा बांध आणि सांडवाही चढवावा लागतो. हे काम कधीच संपत नाही. गावातले तरुण कामासाठी ट्युनिस किंवा फ्रान्सला गेले, की सगळ्यात आधी हीच डागडुजी राहते. माझ्या मते जसूरला दुष्काळाइतकाच धोका या रिकाम्या होत चाललेल्या गावांचा आहे.

मातमाताहून तूजानकडे जाणाऱ्या रस्त्यावर घळींत झाडांचे पुंजके दिसले, की त्यांच्या खालच्या अंगाला बांध शोधा. मधोमध खोल चर आणि उघडी पडलेली मुळं दिसली तर तो फुटलेला समजा. बांधाच्या कडेवरून मात्र चालू नका, ही माती सहज ढासळते.