मी दुरुस्त केलेले वाक्य

लघुप्रबंधाचे तिसरे प्रकरण सरांनी आज परत दिले. आत फारशा खुणा नाहीत. सतराव्या पानाच्या समासात मात्र पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘या बाई खरोखर अशा बोलतात?’ एसटीत बसल्यापासून घरी पोहोचेपर्यंत मी ते पान चार वेळा उघडले आणि चारही वेळा मला सरांचाच राग आला.

पानावरचे वाक्य असे आहे : ‘माझी आई मला सरता धरायला लावत असे; तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते.’ जेवण झाल्यावर मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण लावले. मोठी माय, जिचे बोलणे मी प्रबंधासाठी मुद्रित केले, आपल्या वऱ्हाडीत म्हणते : ‘मले सरता धराले लावे माही माय, तवा मी आठ-नव वर्साची होती.’

तिचे वाक्य मी बदलले होते. कोणी सांगितले नव्हते, आणि बदलल्याचे मला आठवतही नाही, याचाच मला जास्त त्रास होतो आहे. ‘सरता’ या शब्दाला तर मी मोठ्या काळजीने तळटीप दिली : तिफणीच्या मागे दोरीने बांधलेली पोकळ नळी, जिच्यातून मागून चालणारी बाई तुरीचे वेगळे तास पेरत जाते. अवजार जपले आणि ते धरणाऱ्या बाईचे बोलणे पुसून टाकले. ‘लावे’ हा रीतिभूतकाळ आहे. पाठ्यपुस्तकात तो शिकताना ‘राजा शिकारीला जाई’ अशी उदाहरणे पाठ केली आणि हा काळ आता गोष्टींतच उरला, असे समजून चालले. मोठ्या मायच्या तोंडी तो रोज असतो. मी तिथे ‘लावत असे’ घातले.

मला वाटते, याची सुरुवात अकरावीत झाली. वर्गात मी ‘मी काल आली नव्हती’ असे म्हणाले आणि... ते पुन्हा लिहायचे नाही. त्यानंतर बोलण्यापूर्वी वाक्य मनात एकदा तपासून घेण्याची सवय लागली. ज्यांच्या घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा जवळजवळ एकच आहे, त्यांना प्रबंध एकदाच लिहावा लागत असेल. आम्हाला तो आधी मनात उलथून घ्यावा लागतो आणि मग कागदावर उतरवावा लागतो. हे कष्ट कोणत्याही पानावर दिसत नाहीत, आणि वर समासात प्रश्न येतो.

पण प्रश्न बरोबर होता. मी ज्याला चिकित्सक वाचन म्हणत आले, ते सर माझ्या पानावर करत होते आणि मी दुसऱ्यांच्या पानांवरही केलेले नव्हते. एका संदर्भग्रंथात ‘प्रमाण मराठीतील ळ चा वऱ्हाडीत य होतो’ असे वाचले आणि वहीत उतरवले. शाळेची शाया, डाळीची डाय, उदाहरणे खरीच आहेत. त्याच यादीत ‘मला’चे ‘मले’ होते, असेही होते आणि तेही मी उतरवले. होते म्हणजे काय? मोठ्या मायने आधी ‘मला’ म्हणून मग त्याचे ‘मले’ केले, असे कधी घडलेले नाही. पुस्तकाचा प्रत्यय जसा ‘ला’, तसा तिचा ‘ले’ आहे. एका क्रियापदात मोजपट्टी कोणाची हे ठरून गेलेले असते आणि मी ते क्रियापद वाचलेच नव्हते.

पहिल्या प्रकरणात मीच अभिमानाने लिहिले आहे की, आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, आणि बाइसा, महदाइसा या त्यांच्या शिष्यांची बोलणी त्यात आजही ऐकू येतात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 चा. त्यातही बायबलमधली उधळ्या मुलाची कथा वऱ्हाडी-नागपुरीत त्या त्या बोलीच्या रूपांसह छापलेली आहे. हे दोन्ही संदर्भ दिल्यावर चाळीसच पानांनी मी मोठ्या मायच्या तोंडी दुसऱ्याच कोणाची भाषा घातली.

आता राग उरलेला नाही. विवेचन प्रमाण मराठीत राहील, कारण त्या मराठीतही मी आता सहज विचार करते आणि ती मला परकी वाटत नाही. अवतरणे मात्र जशीच्या तशी जातील. एकूण अकरा ध्वनिमुद्रणे आहेत. आज रात्री पहिले पुन्हा ऐकायला घेतले आहे. सातव्या मिनिटाला मोठी माय बोलता बोलता थांबते आणि विचारते, ‘लिवलं का वो?’ त्यावर लगेच माझा आवाज येतो, ‘हाव, लिवलं.’